एक अबोल दुखणे आणि घरातील औषधे
(सुवर्णमहोत्सवानिमित्त भरलेल्या कुटुंब-मेळाव्यात केलेले भाषण)



आज बोलण्यासाठी मला पाचारण केले तेव्हा चिटणीसांनी विषय माझ्यावर सोपविला होता. बावीस वर्षे खडू हातात धरलेली बाई शिक्षण आणि संस्कार यांवरच बोलणार, अशी त्यांची समजूत असावी. मी निवडलेला विषय ऐकून ते क्षणभर गप्प झाले आणि म्हणाले, "बाई, सभेला पुरुषमंडळीही असतील." मी म्हटले, "म्हणूनच बोलते. औषधाचे पैसे बहुधा त्यांच्याच खिशातून जातात."

विषय आहे बायकांच्या पोटदुखीचा. महिन्याच्या पाळीत थोडेफार दुखणे बहुतेकींच्या वाट्याला येते आणि दोन दिवसांत सरते. मी बोलणार आहे ते त्याहून निराळ्या दुखण्याविषयी. डॉक्टर त्याला एंडोमेट्रिऑसिस म्हणतात. गर्भाशयाला आतून एक अस्तर असते. तशाच जातीचे पेशीजाल गर्भाशयाच्या बाहेर, बीजकोशावर, ओटीपोटाच्या आवरणावर, क्वचित आतड्यावरही वाढते. तेथे सूज येते, व्रण धरतात, अवयव एकमेकांना चिकटतात. पाळीच्या वेळी असह्य कळा येतात. काहींना शौचाच्या वा लघवीच्या वेळी दुखते, काहींना पतिसहवासात दुखते, काहींना मूल होण्यास अडचण येते. अमेरिकेतील डॉ. सॅम्प्सन यांनी या रोगाला हे नाव दिले. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे मूल होण्याच्या वयातील शंभर स्त्रियांत सुमारे दहाजणींना तो असतो. म्हणजे जगात सुमारे १९ कोटी स्त्रियांना. आणि निदान होण्यास बहुधा चार ते बारा वर्षे लागतात.

माझ्या बाबतीत सोळा वर्षे लागली.

पंधराव्या वर्षी दुखणे सुरू झाले. नानीने ओवा आणि गूळ दिला. नानीचा हात पोटावरून फिरला की बरे वाटे, हे मी आजही कृतज्ञतेने सांगते. पुढे हकीमसाहेबांचे माजून आले. मग शेजारच्या काकूंनी अशोकारिष्ट सुचविले. अरिष्टात आंबविण्याच्या क्रियेने आपोआप थोडा मद्यार्क तयार होतो, हे आमच्या घरी कित्येक वर्षे कोणाला ठाऊकच नव्हते! नोकरी लागल्यावर गोळ्यांच्या डब्या आल्या: हळदीच्या, माशाच्या तेलाच्या, जीवनसत्त्वांच्या. प्रत्येक वेळी दोन महिने वाटे की गुण येतो आहे, आणि तिसऱ्या महिन्यात मी पुन्हा बेळगावच्या पावसात रिक्षात पोट धरून बसलेली असे. एकतिसाव्या वर्षी सोनोग्राफी झाली आणि डाव्या बीजकोशावर जुन्या रक्ताने भरलेली मोठी गाठ दिसली. शस्त्रक्रिया करावी लागली. त्या सोळा वर्षांत कोणी माझे वाईट चिंतिले नव्हते. सर्वांनी काही ना काही दिले. तपासून घे, असे मात्र कोणी म्हटले नाही.

आता कोणी विचारील, "बाई, मग घरची औषधे सारी टाकून द्यावयाची काय?" तसे मी म्हणत नाही. परंतु कोणत्या वस्तूकडून काय अपेक्षा करावी, याचा हिशेब मांडला पाहिजे.

पहिला मान शेकाचा. गरम पाण्याच्या पिशवीला हसू नये. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात पाळीच्या दुखण्यावर पोटावरचा सतत मंद शेक वेदनाशामक गोळीइतकाच उपयोगी ठरला. मात्र कातडी लाल-काळी होईपर्यंत शेकू नये. आल्याची पूडही साध्या पाळीच्या दुखण्यावर उपयोगी पडते, असे काही प्रयोगांत दिसले आहे. परंतु 'साध्या पाळीच्या दुखण्यावर' हे शब्द विसरू नका. शेकाने आणि आल्याने कळ कमी होईल. बीजकोशावरची गाठ विरघळणार नाही.

दुसरा प्रकार जीवनसत्त्वांचा आणि माशाच्या तेलाचा. याविषयी २०२० साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेला एक प्रयोग मला फार बोधप्रद वाटतो. हा रोग असलेल्या तरुण मुलींचे तीन गट केले. एका गटाला ड जीवनसत्त्व दिले, दुसऱ्याला माशाचे तेल आणि तिसऱ्याला औषध नसलेली नुसती गोळी. कोणाला काय मिळते आहे हे मुलींना ठाऊक नव्हते. सहा महिन्यांनी ड जीवनसत्त्वाच्या गटाचे दुखणे बऱ्यापैकी कमी झाले होते. पण नुसत्या गोळीच्या गटाचेही जवळजवळ तेवढेच कमी झाले होते! याचा अर्थ मुली खोटे बोलत होत्या असा नाही. कोणीतरी आपली विचारपूस करते आहे, आपल्यासाठी काहीतरी केले जाते आहे, यानेही वेदना हलकी होते. नानीच्या हाताचे रहस्य कदाचित तेच असेल. पण त्यावरून अमुक डबी गुणकारी आहे असे ठरविता येत नाही. अंगात ड जीवनसत्त्व किंवा लोह खरोखर कमी असेल, तर डॉक्टरांच्या सल्ल्याने ते जरूर घ्यावे. फार रक्तस्राव होणाऱ्या मुलींना लोहाची गरज पुष्कळदा असते. ती कमतरतेची भरपाई झाली, या रोगावरचा उपाय नव्हे.

तिसरा प्रकार वनस्पतींचा आणि भस्मांचा. येथे अधिक सावध असावे. अशोकाची खरी साल दुर्मिळ झाली आहे आणि तिच्या नावाने दुसऱ्याच झाडाची साल विकली जाते, हे जाणकारांनी वारंवार दाखविले आहे. बॉस्टन शहरातील दुकानांत मिळणाऱ्या ७० आयुर्वेदिक औषधांची तपासणी २००४ साली प्रसिद्ध झाली. त्यांतील १४ औषधांत शिसे, पारा किंवा आर्सेनिक आढळले. मूल व्हावे म्हणून औषध घेणाऱ्या स्त्रीच्या पोटात शिसे जाणे, याहून मोठी विपरीत गोष्ट कोणती? हळद भाजीत घालतो तेवढी निर्धास्त घाला. परंतु तिच्या अर्काच्या जोरकस गोळ्यांनी काहींच्या यकृताला इजा झाली आहे. वैद्यांचा वा हकिमांचा अनादर मला करावयाचा नाही. शिकलेला वैद्य नाडी पाहतो, प्रश्न विचारतो आणि आवश्यक तेव्हा तपासणीसही धाडतो. माझे भांडण आहे ते नाव-गाव नसलेल्या पुडीशी आणि "मुळापासून बरे करतो" या आश्वासनाशी.

कारण हा रोग मुळापासून बरा करणारे औषध आज आधुनिक वैद्यकापाशीही नाही, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. वेदनाशामके आहेत, रोग दाबून ठेवणाऱ्या संप्रेरकांच्या गोळ्या आहेत, शस्त्रक्रिया आहे. त्यांचे त्रासही आहेत, आणि शस्त्रक्रियेनंतर रोग परतूही शकतो. म्हणूनच पुडीवाल्यांचे फावते. इंग्लंडच्या २०१७ च्या वैद्यकीय मार्गदर्शिकेने चिनी जडीबुटी आणि पूरक गोळ्या यांना या रोगावर पुरेसा आधार नाही, असे स्पष्ट सांगितले आहे. युरोपातील तज्ज्ञांनी २०२२ मध्ये आहार, व्यायाम, सुयांचे उपचार अशांपैकी कोणत्याही एकाची दुखण्यासाठी शिफारस केली नाही. परंतु मनाला आणि दिनचर्येला त्यांनी उभारी मिळू शकते, म्हणून डॉक्टरांनी स्त्रियांशी त्यांविषयी बोलावे, असे म्हटले. मला हा निवाडा न्याय्य वाटतो. ही औषधे सोबतीला असावीत, वाट अडवावयास नसावीत.

आता एक गोष्ट सांगते. ती सांगितल्याशिवाय या विषयावर बोलण्याचा मला अधिकार नाही. माझ्या स्वतःच्या रोगाचे निदान होण्यापूर्वीची ही गोष्ट आहे. नववीच्या वर्गातील एक मुलगी दर महिन्याला दोन-तीन दिवस गैरहजर राही. मी तिला जवळ बोलावून म्हटले, "अग, हे सर्वांनाच होते," आणि माझ्याच पर्समधील शतावरीची पूड दिली. ती प्रत्येक महिन्याला म्हणे, "बाई, तुमच्या पुडीने बरे वाटते." दहावीत एका पेपरला ती अर्ध्यातून उठून गेली. मला वाईट वाटू नये म्हणून ती मुलगी बरे वाटते असे सांगत होती, हे मला पुढे समजले. लग्नानंतर मूल होईना तेव्हा तपासणी झाली आणि रोग उघडकीस आला. ती मला भेटावयास आली. तिने मला दोष दिला नाही. दिला असता तर मला अधिक बरे वाटले असते.

म्हणून मातांना माझी हात जोडून विनंती आहे. मुलीची शाळा बुडते, गोळीने दुखणे आवरत नाही, पाळी नसतानाही पोट दुखते, असे असेल तर तिला स्त्रीरोगतज्ज्ञाकडे न्या. एखादी सोनोग्राफी निर्दोष आली तरी रोग नाहीच असे होत नाही. दुखणे चालू राहिले तर पुन्हा विचारा. एक वही घाला. तारीख, दुखण्याला दहापैकी किती गुण, आणि त्या दिवशी काय काय घेतले, एवढेच लिहा. तीन महिन्यांची वही कोणत्याही जाहिरातीपेक्षा खरे बोलते. घरचे औषध, वैद्याचे औषध, गोळ्यांची डबी, सारे डॉक्टरांपुढे मांडा. शस्त्रक्रियेपूर्वी तर अवश्य, कारण माशाचे तेल आणि ई जीवनसत्त्व यांसारख्या वस्तूंनी रक्तस्राव वाढण्याची भीती असते. आणि "लग्न झाले की थांबेल, मूल झाले की थांबेल" असे मुलीला सांगू नका. गरोदरपणात काहींचे दुखणे दबते, पण नंतर ते परत येऊ शकते. लग्न हे औषध नव्हे आणि बाळ ही औषधाची मात्रा नव्हे.

विश्वस्तांना एकच मागणे. आपल्या रुग्णसाहाय्य निधीतून रुग्णालयात दाखल झाल्यावर मदत मिळते आणि पन्नास वर्षांत अनेक घरे त्याने सावरली आहेत. या महोत्सवी वर्षापासून दाखल होण्यापूर्वीच्या तपासणीसाठीही, निदान शाळेतील मुलींपुरती, थोडी तरतूद व्हावी. अर्जावर कारण लिहावे लागू नये; 'पोटदुखी' एवढा शब्द पुरे समजावा.

माझी सोळा वर्षे गेली, त्या मुलीची दहा गेली. पुढच्या मुलीचे एक वर्षही जाऊ नये, एवढ्यासाठी हा संकोच मी आज बाजूस ठेवला.