किल्ली फिरवू नकोस

(दहावी १९८६ च्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात दुपारच्या सत्रात झालेले भाषण. ध्वनिमुद्रणावरून उतरवून घेतले आहे.)



संयोजकांनी मला सांगितलं, "तू तुझ्या धंद्याबद्दल बोल, दहा मिनिटं." सकाळपासून आपण हृदयविकारावर ऐकलं, म्युच्युअल फंडावर ऐकलं, अमेरिकेतल्या नातवंडांवर ऐकलं. आता जेवण झालंय, अर्धे लोक पेंगतायत, म्हणजे गॅरेजवाल्याला उभं करायला वेळ बरोबर निवडलीय. हरकत नाही.

मी डिझेल पंप आणि नोझलचं काम करतो. आमच्या लाइनीत अजूनही लोक "मायकोचा पंप" म्हणतात. ती कंपनी २००८ मध्ये बॉश नावाने झाली, पण मिस्त्री लोकांच्या तोंडात मायकोच आहे. तर महिन्यातून एक-दोनदा माझ्याकडे दोरीने ओढत एक गाडी येते. मागे मालक, चेहरा पडलेला. मी विचारायच्या आधीच सांगतो, "पेट्रोल टाकलं ना?" त्याला वाटतं हा मोठा जाणकार. जाणकार वगैरे काही नाही, टाकीचं झाकण उघडलं की वासच सांगतो.

होतं कसं, तर पेट्रोलची नळी बारीक असते आणि डिझेलची जाड. डिझेलची नळी पेट्रोल गाडीच्या तोंडात सहसा बसत नाही, पण पेट्रोलची नळी डिझेल गाडीत आरामात जाते. म्हणजे जी चूक महाग, तीच सोपी. देवाने, म्हणजे कारखानदाराने, असं का करून ठेवलं मला माहीत नाही.

आता सर समोर बसलेत म्हणून थोडं विज्ञान. सर, ज्वलनांक म्हणजे काय हे तुम्ही मला नववीत दोनदा विचारलं होतं, आणि दोन्ही वेळा मी बाकावर उभा होतो. आज सांगतो. पेट्रोलच्या इंजिनात ठिणगी लागते, प्लग असतो. डिझेलच्या इंजिनात तसा प्लग नाही. तिथे नुसती हवा इतकी दाबतात, साधारण पंधरा ते वीस पट, की ती पाचशे अंशांच्या पुढे तापते, आणि त्या तापल्या हवेत डिझेलचा फवारा मारला की ते आपोआप पेटतं. गंमत अशी की पेट्रोल ठिणगीला लगेच पेटतं, पण नुसत्या उष्णतेने पेटायला ते डिझेलपेक्षा जास्त आढेवेढे घेतं. पेट्रोलचा ऑक्टेन आकडा म्हणजे ते दाबाखाली आपणहून न पेटता किती टिकतं त्याचं माप. डिझेलचा सीटेन आकडा म्हणजे ते किती तत्परतेने पेटतं त्याचं माप. एकाचा गुण तोच दुसऱ्याचा दोष. म्हणून इंजिन आधी खडखडतं, दम सोडतं, मग बंद पडतं.

पण बंद पडणं हे काही मोठं नुकसान नाही. खरं नुकसान पंपात होतं. डिझेल दोन बोटांत घेऊन चोळून बघा, तेलकट लागतं. पेट्रोल घ्या, बोटं कोरडी पडतात. डिझेलचा पंप स्वतःच्या इंधनावरच वंगण घेतो, त्याला वेगळं तेल नाही. त्यातल्या भागांमधली फट केसाच्या जाडीच्या कितीतरी कमी. आणि हल्लीच्या कॉमन रेल गाडीत दाब किती? सोळाशे बार, काहींत दोन हजार. तुमच्या गाडीच्या चाकातली हवा दोन बार असते, म्हणजे आठशे पट. एवढ्या दाबाखाली कोरडा लोखंडावर लोखंड घासला की बारीक कीस सुटतो, चमकी पावडरसारखा. तो रेलमध्ये जातो, इंजेक्टरमध्ये जातो, परतीच्या नळीने टाकीत येतो. मग एक भाग बदलून भागत नाही, पंप, रेल, चारही इंजेक्टर, टाकी धुणं, सगळं. बिल लाखाच्या पुढे. आणि किल्ली फिरवलीच नसेल, तर टाकी रिकामी करणं, फिल्टर, थोडं डिझेल घालून लाइन धुणं, काही हजारांत माणूस घरी. फरक फक्त एका किल्लीचा. पुष्कळ गाड्यांत किल्ली "ऑन"वर नेली तरी टाकीतला छोटा पंप चालू होतो आणि पेट्रोल पुढे ढकलतो. म्हणून स्टार्टर तर नाहीच, ऑनसुद्धा नाही. हँडलचं लॉक सुटण्यापुरती फिरवा, न्यूट्रल करा आणि ढकला.

उलटं झालं, पेट्रोल गाडीत डिझेल गेलं, तर धूर होतो, प्लग काळे होतात, बहुतेक वेळा साफसफाईवर निभावतं. आणि हल्ली नव्या बीएस सहा गाड्यांना ते युरियाचं पाणी लागतं, निळ्या झाकणाचं. ते कुणी डिझेलच्या टाकीत ओतलं तर मला फोन करू नका, आधी बँकेला करा.

डिझेल हे माणसाचं नाव, हे किती जणांना माहीत आहे? रुडॉल्फ डिझेल. त्याचं इंजिन १८९७ मध्ये जर्मनीत नीट चाललं. १९०० मध्ये पॅरिसला मोठं प्रदर्शन भरलं, तिथे ओट्टो कंपनीने एक छोटं डिझेल इंजिन मांडलं आणि ते चालवलं कशावर? शेंगदाण्याच्या तेलावर. बघणाऱ्यांना फरकही कळला नाही म्हणे. सोलापूरकरांनी शेंगदाण्याची चटणीच केली, इंजिन केलं नाही. तसं कॅमशाफ्ट आपल्या गावात बनतात आणि जगभर जातात, तेव्हा अगदीच हात रिकामे नाहीत.

आता एक कबुली. चुकीचं इंधन चुकून जातं तसं जाणूनही जातं. जुन्या पंपांना थोडं रॉकेल चालून जायचं. रेशनचं रॉकेल निळं असतं, ते का हे सगळ्यांना माहीत होतं, तरी ट्रकवाले विचारायचे, "मिस्त्री, किती चालेल?" आणि मी आकडा सांगायचो. वीस टक्के, पंचवीस टक्के. मला त्यात काही वाटायचं नाही, पंप खराब झाला तर काम माझ्याकडेच येणार. मग २५ जानेवारी २०११ ला मनमाडजवळ अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना तेलमाफियांनी भरदिवसा जिवंत जाळलं. त्यांनी भेसळ पकडली म्हणून. दुसऱ्या दिवशी प्रजासत्ताक दिन होता. मी झेंडावंदनाला पोराला घेऊन शाळेत गेलो होतो, आपल्याच शाळेत, आणि मागे उभा राहिलो. त्यानंतर कुणाला आकडा सांगितला नाही. त्याआधी सांगितले ते सांगितलेच.

आता मूळ गोष्ट. ही मी संबंधित माणसाला विचारून सांगतोय. तो इथेच बसलाय, नाव घेत नाही, कान लाल झालेत त्यावरून ओळखा.

दहावीला मी गणितात गेलो, हे सगळ्यांना माहीत आहे. पुढे कुठे गेलो ते कुणाला माहीत नव्हतं, कारण मी सांगितलं नाही. वडिलांची मिल अडखळत चाललेली. मी शहरातल्या एका पेट्रोल पंपावर लागलो. नवी पेठेत तुमच्यापैकी कुणी दिसलं की मी गल्ली बदलायचो.

१९८८ चा पावसाळा. सकाळी सहा-साडेसहाला एक अ‍ॅम्बॅसिडर आली. अ‍ॅम्बॅसिडर तेव्हा पेट्रोलचीही यायची आणि डिझेलचीही, बाहेरून सारखीच. विचारायचं असतं. त्याआधीची गाडी पेट्रोलची होती, माझ्या हातात तीच नळी होती, पुढच्या सीटवरून "टाकी भर" असा आवाज आला, आणि मी भरली. विचारलं नाही. चूक शंभर टक्के माझी.

लाइनमध्ये जुनं डिझेल असतं, त्यामुळे गाडी लगेच बंद पडत नाही. बाळे ओलांडून केगावच्या आसपास ती थांबली. तासाभराने एका ट्रकमागे दोर बांधून गाडी पंपावर परत आली. तिचे मालक उतरले आणि बोलायला लागले. त्यांचं चुकलं नाही, त्यांना पुण्याला पोचायचं होतं, मुलाचा इंजिनिअरिंगचा प्रवेश होता. मागच्या सीटवर तो मुलगा होता, मांडीवर फाइल. माझ्याच बाकावर तीन वर्षं बसलेला. त्याने माझ्याकडे बघितलं, मी त्याच्याकडे बघितलं, आणि मग त्याने फाइल उघडली.

ते रिक्षा करून एसटी स्टँडवर गेले, पोचले, प्रवेश झाला. माझा दोन महिन्यांचा पगार कापला आणि काम गेलं. गाडीची टाकी उतरवायला जे मिस्त्री आले होते, ते सगळं ऐकत होते. जाताना म्हणाले, "काय बे, रडतोस काय, उद्यापासून माझ्याकडे ये. निदान काय बिघडवलंस ते तरी कळेल." तिथून पुढचं तुम्हाला माहीत आहे.

आता गेल्या वर्षीचा श्रावण. या मेळाव्याच्या पहिल्या बैठकीसाठी आपला हा मित्र पुण्याहून निघाला. टेंभुर्णीजवळ पंपावर थांबला, कानाला फोन. पोराने विचारलं, "पेट्रोल का डिझेल?" हा फोनमध्ये "हं हं" म्हणाला. एकतीस लिटर पेट्रोल गेलं. नशीब, बिल वाचायची सवय. मला फोन आला, "अरे, बिलावर एचएसडीऐवजी एमएस का लिहिलंय?" मी विचारलं, "चालू केलीस का?" "नाही." "किल्ली फिरवू नकोस. खिशात ठेव आणि चहा घे, मी निघालो."

मग तो म्हणाला, "मालक म्हणतोय, खर्च पोराच्या पगारातून कापतो." मी काहीच बोललो नाही. तोही बोलला नाही. फोन चालूच होता.

व्हॅन घेऊन ऐंशीएक किलोमीटर गेलो. पोचलो तेव्हा पोरगा हवा भरायच्या मशिनजवळ उकिडवा बसला होता, अठरा-एकोणीसचा. हा मालकाला सांगत होता, "मी फोनवर होतो, त्याने विचारलं होतं, पैसे मी देतो, याचा एक रुपया कापायचा नाही, तसं लिहून द्या." मालकाला वाटलं, साहेब डोक्यावर पडलेत. लिहून दिलं मात्र.

तासा-दीड तासात काम झालं. आजूबाजूला विडी पेटवू द्यायची नाही, एवढीच तिथली मोठी कटकट, कारण पेट्रोल मिसळलं की ते डिझेल राहत नाही, भडकतं. येताना आवाज ऐकायला म्हणून मी त्याच्या गाडीत बसलो, व्हॅन पोराने चालवली. शेटफळच्या पुढे त्याने विचारलं, "तो पंपावरचा तूच होतास ना?"

मी म्हटलं, "हो."

"मी ओळखलं होतं."

"मला माहीत आहे."

मग मोहोळपर्यंत कुणी काही बोललं नाही. इंजिनाचा आवाज चांगला होता. मोहोळला त्याने गाडी बाजूला घेतली आणि म्हणाला, "फाइलमध्ये काय बघत होतो ते आजपर्यंत आठवत नाही." मी म्हटलं, "मार्कलिस्ट असेल, तुझी बघण्यासारखी होती." तो हसला, मग चष्मा पुसत बसला. आम्ही भजी खाल्ली.

वेळ संपल्याची चिठ्ठी आलीय. ते काढलेलं मिश्रण मी कॅनमध्ये घेऊन आलो होतो. इंजिनाला ते उपयोगाचं नाही, सुटे भाग धुवायला वापरतोय, अजून पाचएक लिटर शिल्लक आहे. पैसे तुझे आहेत, न्यायचं असेल तर संध्याकाळी ये.