मूकपटांतून दिसणारे मानवी क्रौर्य



सन 1916 मध्ये अमेरिकेत डी. डब्ल्यू. ग्रिफिथ यांचा ‘इन्टॉलरन्स’ हा प्रदीर्घ मूकपट प्रदर्शित झाला. बाबिलोनचा पाडाव, येशूचे क्रूसारोहण, 1572 मधील पॅरिसचे ह्यूगनॉट-हत्याकांड आणि तत्कालीन अमेरिकेतील एक कामगार कुटुंब, अशा चार कथा त्यात परस्परांत गुंफलेल्या आहेत. युगे बदलताना पाळणा हलविणारी एक स्त्री दिसते. बाबिलोनच्या भव्य तटांचीच चर्चा अधिक होते. परंतु अंतःकरणाला घरे पाडते ती चौथी कथा. गिरणीमालकाच्या बहिणीला लोकसुधारणेचा ध्यास लागतो. तिच्या दानधर्मासाठी पैसा हवा, म्हणून मजुरांच्या वेतनात दहा टक्के कपात होते. संप होतो, गोळ्या झाडल्या जातात, संसार उधळतात. येथे क्रौर्य पुण्यकर्माच्या हिशेबवहीतून येते.

पुढे 1919 मध्ये दोन कथा स्वतंत्र चित्रपट म्हणून काढण्यासाठी ग्रिफिथ यांनी स्वतःच मूळ फिल्म कापली. त्यामुळे उपलब्ध प्रतींतून तुकडे जुळवून या कृतीचा जीर्णोद्धार करावा लागला.

महाराष्ट्राच्या वाट्याला एवढेही भाग्य आले नाही. कोल्हापूरच्या बाबूराव पेंटर यांचा ‘सावकारी पाश’ (1925) हा मूकपट आज उपलब्ध नाही. कथा नारायण हरी आपटे यांची. जमीन गमावून शहरात गिरणी कामगार होणारा तरुण शेतकरी व्ही. शांताराम यांनी उभा केला होता. त्याच विषयावर पेंटर यांनी 1936 मध्ये बोलपटही काढला.

हा विषय नगर जिल्ह्याला परका नव्हे. 12 मे 1875 रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे उसळलेला शेतकऱ्यांचा उठाव लवकरच या जिल्ह्यातही पसरला. मारवाडी व गुजराती सावकारांच्या दुकानांतील खतपत्रे जाळण्यात आली. त्या सावकारांत जैनही होते, हे या सभेत उच्चारणे जड जाते. तथापि टाळणेही योग्य नव्हे. विशेष असे, की जमावाचा रोख माणसांपेक्षा कागदांवर होता. प्राणहानी फारशी झाली नाही. किड्यामुंगीलाही जपणाऱ्या घरात व्याजाचा आकडा मात्र कोणी जपून लिहिला नाही. 1879 मध्ये सरकारला शेतकऱ्यांच्या संरक्षणार्थ कायदा करावा लागला.

तरीही पाश सुटला नाही. कोल्हारच्या शेजारी लोणी बुद्रुक येथे विठ्ठलराव विखे पाटील यांनी शेतकऱ्यांची सहकारी पतपेढी काढली ती 1923 साली. पेंटर यांचा मूकपट पडद्यावर येण्यापूर्वी दोन वर्षे.