वंशाच्या पोथीची पाने

(जळकोट येथील वार्षिक मेळाव्यात दिलेले भाषण)



कार्यकारी मंडळाने आम्हांस ‘आपले कुलाचार’ या विषयावर बोलण्यास सुचविले होते. आम्ही विषय थोडा बदलून मागितला. विषय कुळाचाच आहे, परंतु भाटांच्या वहीत न सापडणारा. आमचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. तेव्हा शास्त्रज्ञांनी शोधलेले आम्ही आमच्या बुद्धीप्रमाणे सांगतो.

जुन्या पोथ्या शिवलेल्या नसत, हे वडीलधाऱ्यांना स्मरत असेल. सुटी पाने रुमालात बांधून ठेवीत. घाईत गाठ सुटली तर एखादे पान उलटे लागे, एखादे हरवे, आणि दोन पोथ्या एकदम पडल्या तर एकीची पाने दुसरीत जात. अक्षर एकही बदललेले नसे, क्रम मात्र बदललेला असे. आपल्या पेशींतील डीएनएची गत अशीच आहे. तो गुणसूत्रांत बांधलेला असतो. माणसाची गुणसूत्रे ४६, म्हणजे २३ जोड्या; निम्मी आईकडून, निम्मी बापाकडून. (१९५६ साली मोजणी पक्की होईपर्यंत मोठमोठे शास्त्रज्ञही ४८ म्हणत असत, ही गोष्ट गणितात चुकणाऱ्या विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावी.) ही सूत्रे तुटतात, उलटी जोडली जातात, त्यांचे तुकडे दुसरीकडे जाऊन चिकटतात.

आपल्या शिवारातील कपाशीच घ्या. नांदेड भागातील गावरान कपाशीत गुणसूत्रांच्या १३ जोड्या असतात. अमेरिकन कपाशीत, आणि म्हणून नांदेडच्या कापूस संशोधन केंद्राने दिलेल्या एन.एच.एच. ४४ या संकरित वाणातही, २६ जोड्या. दुप्पट का? सुमारे दहा ते वीस लाख वर्षांपूर्वी गावरानाच्या गोतातील एका कपाशीचे अमेरिका खंडातील रानकपाशीशी मीलन झाले आणि दोन्ही पोथ्या संपूर्णच्या संपूर्ण एका रुमालात बांधल्या गेल्या. मुहूर्त पाहणारा तेव्हा कोणी नव्हता.

नवल पुढेच आहे. त्या रानकपाशीच्या गोताची पोथी सुमारे ९० कोटी अक्षरांची, तर गावरानाची सुमारे १७० कोटींची. कामाची जनुके मात्र दोहोंत जवळजवळ सारखीच, चाळीस हजारांच्या आसपास. मग उरलेला विस्तार कशाचा? तो बव्हंशी स्वतःच्या नकला काढून ठिकठिकाणी जाऊन बसणाऱ्या तुकड्यांचा. भजनात ध्रुपद पुनःपुन्हा यावे तसे हे तुकडे येतात. असे फिरते तुकडे असतात, हे बार्बरा मॅक्लिंटॉक या विदुषीने १९४० नंतरच्या दशकात मक्याच्या दाण्यांवरील ठिपके पाहून ताडले. पुष्कळांना ते पटेना. १९८३ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले तेव्हा त्यांनी ऐंशी ओलांडली होती.

गावरानाचा काटकपणा अमेरिकन वाणात उतरविणे सोपे का नाही, याचेही उत्तर येथेच आहे. दोहोंच्या सरळ संकरात ३९ गुणसूत्रे येतात. तेरांना जोडीदारच उरत नाहीत आणि झाड वांझ निघते. इतके दूर तरी कशाला जावे? गुजरात व उत्तर कर्नाटकाकडे पिकणारी दुसरी देशी कपाशीही १३ जोड्यांचीच. तिचा गावरानाशी संकर होतो, झाड जोमाने वाढते. परंतु पूर्वी केव्हा तरी दोन गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल होऊन बसल्याने, पराग बनताना दोनदोनच्या जोड्यांऐवजी चार गुणसूत्रे एकमेकांत अडकतात. काही परागांस एक पान दोनदा मिळते, काहींस मुळीच नाही. ते निकामी होतात.

सह्याद्रीच्या जंगलात कुत्र्यासारखे भुंकणारे भेकर असते. त्याच्या मादीत अवघी ६ गुणसूत्रे, नरात ७. चीनमधील त्याच्या भाईबंदांत ४६. फार न हरवता सूत्रे एकमेकांस टोकाशी जोडली गेली, एवढेच. माणसातही तसे झालेले आहे. वानरकुळातील चिंपांझीत ४८ गुणसूत्रे. त्यांतील दोन जोड्यांशी जुळणारी सूत्रे आपल्यात जोडली जाऊन आपले दुसऱ्या क्रमांकाचे गुणसूत्र बनले आहे. टोकास असावयाच्या खुणा त्याच्या मध्यभागी आजही सापडतात. अशी नवी मांडणी एखाद्या लहान कळपात पिढ्यानुपिढ्या टिकली आणि आईबाप दोघेही तशीच निघू लागली, की कळपाच्या आत अडचण राहत नाही; बाहेरच्यांशी संकर मात्र कठीण होतो. जाती वेगळ्या होण्याचे हे एक कारण होय. जाती म्हणजे प्राण्यांच्या व वनस्पतींच्या. माणसांच्या जातींशी याचा काडीमात्र संबंध नाही, हे आम्ही ज्ञातिमंडळाच्याच व्यासपीठावरून मुद्दाम सांगतो. सर्व मानवांची जात एकच आहे.

परंतु अदलाबदल माणसांतही होते, आणि हा विषय मागून घेतला तो त्यासाठीच. सुमारे पाचशेंत एक स्त्री वा पुरुष अशी अदलाबदल घेऊन जन्मास येतो. त्याचे स्वतःचे बहुधा काहीच उणे नसते. सर्व पाने त्याच्यापाशी असतात, केवळ जागा निराळ्या. संततीच्या वेळी मात्र कपाशीच्या परागाचे झाले तेच होते. गर्भास काही पाने अधिक, काही उणी गेली की तो पुष्कळदा टिकत नाही. वारंवार गर्भपात होणाऱ्या शंभर जोडप्यांत तीनचार जोडप्यांचे कारण हे असते, आणि मांडणी निराळी असणारा त्यांत नवराही असू शकतो. दोघांच्या थोड्याशा रक्तावरून ते समजते.

आमच्या ओळखीच्या एका घरी सुनेचे तीन गर्भ गेले. नवससायास झाले, अंगारे झाले, दुसऱ्या सोयरिकीची बोलणी निघाली. सुनेस माहेरी धाडले. तिच्या भावाच्या हट्टामुळे दोघांची तपासणी झाली आणि अदलाबदल मुलात निघाली. अहवाल समजावून घेण्यास सासूबाई आमच्याकडे आल्या. आम्ही देवघरातील पोथी सोडून पाने त्यांच्यापुढे मांडली, दोन जागची दोन पाने बदलून दाखविली. त्या बराच वेळ पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, “म्हंजे गुर्जी, हे सुनंचं न्हवं.” आम्ही म्हटले, “नव्हे. आणि मुलानेही काही केलेले नाही.”

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एस.टी.ने त्या सुनेला आणावयास स्वतः गेल्या. पुढे वैद्यकीय सल्ल्याने, गर्भाची तपासणी करवून, चौथ्या खेपेस मुलगी झाली. ती आता बालवाडीत जाते.