परळीचे संच पाण्यावाचून थांबले तेव्हा



औष्णिक विद्युत केंद्राचा विषय निघाला की चर्चा कोळशाभोवती फिरते. वाघिणी किती आल्या, साठा किती दिवस पुरेल, हे आपण वृत्तपत्रांतून वाचतो. परंतु फेब्रुवारी २०१३ मध्ये परळी वैजनाथ येथील केंद्र बंद ठेवावे लागले, ते कोळशाअभावी नव्हे. गोदावरीवरील खडका बंधाऱ्यात पाणी उरले नव्हते.

बाष्पकात सुमारे ५४० अंश सेल्सिअसपर्यंत तापलेली वाफ टर्बाईनची पाती फिरविते व नंतर कंडेन्सरमध्ये उतरते. तेथे हजारो नळ्यांतून थंड पाणी वाहत असते. त्यांच्या स्पर्शाने वाफेचे पाणी होते आणि जवळजवळ निर्वात स्थिती निर्माण होते. ती जितकी चांगली, तितके वाफेकडून अधिक काम मिळते. बाष्पकातील पाणी पुनःपुन्हा वापरले जाते. खर्च होते ते थंडावा देणारे पाणी. कोळशाची जवळजवळ निम्मी उष्णता ते उचलते आणि त्याचा काही भाग शीतन मनोऱ्यांतून वाफ होऊन निघून जातो. कमरेत बारीक अशा त्या मनोऱ्यांतून धूर निघतो, असा समज सर्वत्र आढळतो. तो धूर नव्हे, धरणातले पाणी आहे!

डिसेंबर २०१५ च्या केंद्रीय अधिसूचनेने शीतन मनोरे असलेल्या जुन्या केंद्रांना दर युनिटमागे साडेतीन लिटरची मर्यादा घातली. या हिशेबाने २१० मेगावॉटचा एक संच पूर्ण भाराने चालल्यास दिवसाला सुमारे पावणेदोन कोटी लिटर पाणी लागते. गावे टँकरची वाट पाहत असता एवढे पाणी मागणार कोणत्या तोंडाने?

नागपूरजवळील कोराडी केंद्राने वेगळी वाट धरली. भांडेवाडी येथे प्रक्रिया केलेले शहराचे सांडपाणी तेथे वापरले जाते. सांडपाणी प्रक्रिया केंद्रापासून ५० किलोमीटरच्या आतील औष्णिक केंद्रांनी असेच पाणी वापरावे, असे जानेवारी २०१६ च्या वीजदर धोरणाने ठरविले. परळीजवळ मात्र नागपूरएवढे शहर नाही. तेथे नवा संच उभारावयाचा झाल्यास हवेने थंड होणाऱ्या कंडेन्सरचा विचार करावा लागेल. उन्हाळ्यात त्याची कार्यक्षमता घटते, खर्चही वाढतो. तरीही सारे केंद्र महिनोन्‌महिने थांबविण्यापेक्षा हा तोटा, माझ्या मते, सोसण्याजोगा आहे.

तोवर राखेकडे पाहावे. आपल्या कोळशात तिचे प्रमाण एक-तृतीयांशाच्याही वर असते. ती पाण्यात कालवून नळांवाटे तलावात सोडण्याऐवजी कोरडीच उचलून सिमेंट कारखान्यांना दिली, तर तेवढे पाणी लगेच वाचते.