पावती घ्या, हक्क राखा

महाडच्या बाजारपेठेतली खरेदी असो की पोलादपूरच्या गावात बसून मोबाइलवर केलेली, पैसे देण्याआधी थोडं थांबा. पाकिटावरच्या कमाल किमतीत सगळे कर धरलेले असतात. वर जीएसटी वेगळा द्यायचा नाही. मिठाई खोक्याच्या वजनासकट घेऊ नका. सोन्यावर हॉलमार्क आणि सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी क्रमांक बघा. पक्कं बिल मागा, वॉरंटी कार्डावर दुकानाचा शिक्का घ्या.

ऑनलाइन मागवताना विक्रेत्याचं नाव, परतीची मुदत आधी वाचा. पार्सल उघडताना व्हिडिओ काढा. पैसे परत मिळवण्यासाठी ओटीपी किंवा पिन कधीच द्यावा लागत नाही. फसवणूक झालीच, तर लगेच 1930 या हेल्पलाइनवर कळवा.

माल खराब निघाला, दुकानदार ऐकत नाही? ग्राहक हेल्पलाइन आहे 1915. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार विक्रेता दिल्लीचा असला, तरी तक्रार आपल्याच जिल्ह्यात, अलिबागच्या ग्राहक आयोगात करता येते. मुदत दोन वर्षांची. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला शुल्क नाही. तेव्हा मंडळी, बिल जपून ठेवा.