एका रेणूचे दोन निकाल



आज फक्त एका रेणूची आणि त्याच्यावरून झालेल्या भांडणाची गोष्ट सांगतो. तुम्हा स्नातकांपैकी जे संशोधनात जाणार आहेत, त्यांना अशाच भांडणात कधी ना कधी बाजू घ्यावी लागणार आहे.

आपल्या डीएनएचा दोन टक्क्यांहूनही कमी भाग प्रथिनं घडवण्याच्या कामी येतो. उरलेल्या बऱ्याचशा भागाला सुसुमू ओहनो यांनी १९७२ साली ‘जंक’ ठरवलं. पण त्या भंगारातूनही पेशी आरएनए तयार करत असते. त्यातले दोनशेहून अधिक अक्षरांचे, प्रथिन न बनवणारे ते लाँग नॉन-कोडिंग आरएनए. २०११ मध्ये उंदराच्या भ्रूणातल्या मूलपेशींत असे आरएनए एकेक करून दाबून पाहिले, तर त्यातले २६ मूलपेशीचं मूलपेशीपण टिकवायला हवेच असतात, असं निघालं. भंगार हा शब्द तेव्हाच मागे घ्यायला हवा होता.

आपला रेणू, मॅलॅट१, हा अशाच आरएनएंपैकी एक. फुप्फुसाच्या कॅन्सरच्या सुरुवातीच्या गाठी तपासताना २००३ मध्ये तो नजरेत भरला: ज्यांचा कॅन्सर पुढे पसरला, त्यांच्या गाठींत तो जास्त होता. आठ हजारांच्या आसपास अक्षरं, आणि जवळपास प्रत्येक पेशीत मुबलक. एवढा महत्त्वाचा दिसणारा रेणू २०१२ मध्ये तीन गटांनी उंदरांतून काढून टाकला. उंदीर ठणठणीत! असे निकाल छापायलाही धाडस लागतं.

मग स्तनाच्या कॅन्सरच्या उंदरांची पाळी. कोल्ड स्प्रिंग हार्बर प्रयोगशाळेच्या गटाने २०१६ मध्ये दाखवलं की मॅलॅट१ घटवला की कॅन्सर फुप्फुसात कमी पसरतो, आणि गाठीतल्या पेशी वाढत सुटण्याऐवजी प्रौढ पेशींसारख्या वागू लागतात. दोनच वर्षांनी, त्याच जातीच्या उंदरांत, ह्यूस्टनच्या गटाला नेमकं उलटं दिसलं: मॅलॅट१ गेला की कॅन्सर जास्त पसरतो, परत दिला की आटोक्यात येतो. त्यांच्या मते तो टीड नावाच्या प्रथिनाला धरून ठेवतो आणि पसरण्याला चाप लावतो.

दोन्ही गट नावाजलेले, दोन्हीकडे नेटका पुरावा. फरक होता तो जनुक बंद करण्याच्या पद्धतीत. २०१६च्या उंदरांत डीएनएचा तुकडाच कापलेला. ह्यूस्टनच्या उंदरांत डीएनए न कापता मध्ये आरएनए बनणं रोखणारा थांबा घातलेला. दिवा विझवायला बटण दाबता येतं किंवा भिंत पाडता येते. पण भिंतीतून शेजारच्या खोलीची वायरही गेलेली असू शकते. अर्थात एवढ्यानं वाद मिटत नाही. २०१६च्या प्रयोगात डीएनएला हात न लावता आरएनए नष्ट करणारी औषधंही वापरली होती, आणि तीही लागू पडली होती.

म्हणून हा प्रश्न नुसता शोधनिबंधांचा राहत नाही. मॅलॅट१ दाबणारं औषध उद्या माणसांत आलं आणि काही गाठींत तो खरोखरच चाप लावणारा निघाला, तर त्या रुग्णांत आपणच कॅन्सरला वाट मोकळी करून देऊ. कोणत्या गाठीत तो काय करतो, हे आधी वेगळं काढावं लागेल. ते काम तुमच्या पिढीकडे आलं आहे. पदवीबद्दल अभिनंदन.