आरोपीच्या पिंजऱ्यात आपलीच माणसे

पॅलेस्टिनी कथा-कादंबरी म्हणजे चळवळीची पत्रके, असा आक्षेप नेहमी घेतला जातो. तो अगदीच निराधार नाही. घसान कनफानी एका सशस्त्र संघटनेचे प्रवक्ते होते. १९७२ मध्ये बैरुतला मोटारीतल्या बॉम्बने त्यांची हत्या झाली. पण त्यांची १९६३ ची ‘उन्हातली माणसे’ ही छोटी कादंबरी वाचून पाहावी. बसऱ्याहून चोरून कुवेतला निघालेले तीन निर्वासित पाण्याच्या रिकाम्या टँकरमध्ये गुदमरून मरतात. त्यांना नेणारा अबुल खैझुरान पॅलेस्टिनीच आहे. १९४८ च्या युद्धात पुरुषत्व गमावलेल्या या माणसाला आता फक्त पैसा कळतो. चौकीवरचे अरब कारकून एका नर्तकीवरून त्याची चावट थट्टा करत बसतात, आणि तेवढ्या वेळात आतले तिघे संपतात. शेवटी तो प्रेतांच्या खिशातले पैसेही काढून घेतो. शत्रूकडे बोट दाखवायची आयती सोय असताना लेखकाने जाब विचारला तो आपल्याच माणसांना. पत्रक असे लिहिले जात नाही.

सहर खलिफे यांच्या १९७६ च्या कादंबरीत तर नाबलूसचा उसामा इस्रायलमध्ये मजुरीला जाणाऱ्या आपल्याच लोकांच्या बस उडवायला निघतो, आणि त्या मजुरांत नात्याने भाऊ लागणारा आदिलही आहे. घर चालवायचे तर तिथे राबावेच लागते. इस्रायलचा ताबा असा चुलीपर्यंत पोचतो. समोरच्या बाजूचे दुःख या लेखकांना दिसत नाही, हेही खरे नव्हे. कनफानींच्याच ‘हायफाला परतताना’मध्ये पॅलेस्टिनी जोडप्याचे मागे राहिलेले मूल वाढवणारी मिरियम स्वतः नाझी अत्याचारांत आपली माणसे गमावून आली आहे. तिला खलनायिका करणे त्यांना सहज जमले असते.

अदानिया शिबली यांची २०१७ ची कादंबरी मला या सर्वांत कठोर वाटते. १९४९ मध्ये नेगेवच्या वाळवंटात इस्रायली सैनिकांनी एका बेदुईन मुलीवर बलात्कार करून तिचा खून केला. पूर्वार्धात हे थंडपणे, जवळजवळ दैनंदिनीसारखे येते. उत्तरार्धात रामल्लाची एक स्त्री अनेक दशकांनी त्याचा माग काढते, आणि नाकाबंदी ओलांडतानाची तिची भीती आपल्याला सांगते की ती घटना अजून संपलेली नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये फ्रँकफर्ट पुस्तक मेळ्यात या लेखिकेचा पुरस्कार सोहळा पुढे ढकलला गेला. पण अशी पुस्तके केवळ कणवेपोटी वाचणे हाही त्यांच्यावर अन्यायच. निबंधवाचकांनी या कादंबऱ्यांची कादंबरी म्हणून चिकित्सा करावी, कुठे फसल्या तेही स्पष्ट सांगावे, ही विनंती.